आपले प्रश्न : वसतिगृहातील हेर

प्रश्न : ब्रिटिशांनी लंडनच्या ‘इंडिया हाऊस’ या भारतीय क्रांतिकारकांच्या वसतिगृहात पेरलेला हेर कीर्तीकर हा भारतीय असूनही तेथे उघडा का पडला?

उत्तर : श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये हायगेट भागात सुरू केलेल्या या वसतिगृहात कीर्तीकर दंतवैद्यकाचा विद्यार्थी म्हणून शिरला, मात्र सावरकर आणि त्यांचे सहकारी व्ही. व्ही. एस. अय्यर यांनी त्याला ओळखले आणि पुढे त्याचे अहवाल सावरकरांच्या नजरेखालूनच स्कॉटलंड यार्डकडे जाऊ लागले. हेराची याहून मोठी फजिती ती कोणती! जेथे सर्वांची जेवणे एकत्र होतात आणि प्रत्येकाच्या येण्याजाण्याच्या वेळा इतरांना ठाऊक असतात, तेथे उसने विद्यार्थीपण निभावणे माझ्या मते अवघडच होते. याउलट येव्नो आझेफ हा रशियन तरुण १८९३ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे खरोखरच शिकत असताना स्वतःहून पत्र लिहून रशियन पोलिसांचा खबऱ्या झाला. परदेशातील रशियन क्रांतिकारकांत तो त्यांच्यातलाच एक असल्यामुळे त्याला वेगळे सोंग वठवावे लागले नाही आणि तो सुमारे पंधरा वर्षे टिकला. १९०८ मध्ये रशियन क्रांतिकारक पत्रकार बुर्त्सेव्ह यांनी त्याचे बिंग फोडले, तेही माजी पोलीसप्रमुख लोपुखिन यांनी दुजोरा दिल्यानंतर.