ज्वाला दिसली म्हणजे वादळ आलंच असं नाही

सूर्यावर एक्स वर्गाची, म्हणजे सर्वांत तीव्र गटातली, ज्वाला दिसली की नवखा माणूस 'पृथ्वीवर चुंबकीय वादळ येणार' म्हणून मोकळा होतो. घाई नको. ज्वालेचे क्ष-किरण 8 मिनिटांत पोचतात आणि दिवस असलेल्या बाजूचा शॉर्टवेव्ह रेडिओ बिघडवतात. चुंबकीय वादळ मात्र सूर्यावरून सुटलेल्या प्लाझ्माच्या (विद्युतभारित वायूच्या) ढगामुळे होतं, आणि त्याला इथवर यायला साधारण 1 ते 3 दिवस लागतात.

ढग सुटला का, हे करोनाग्राफच्या, म्हणजे सूर्याची तबकडी झाकून भोवतालचा भाग टिपणाऱ्या दुर्बिणीच्या, चित्रांत बघा. सूर्याभोवती पूर्ण कडं पसरताना दिसलं, तर ढग आपल्या रेषेत आहे. पण तो सूर्याच्या पाठीमागून सुटला तरी कडं तसंच दिसतं! म्हणून त्याच वेळच्या अतिनील चित्रात समोरच्या तबकडीवर स्फोटाची खूण शोधा. नसेल तर विसरा.

खरा निकाल लागतो सूर्याच्या दिशेला असलेल्या एल-1 बिंदूपाशी, पृथ्वीपासून 15 लाख किमीवर; तिथली यानं येणारा ढग आधी मोजतात. तिथल्या आलेखात ढगाच्या वेगाआधी बीझेड पाहा, म्हणजे ढगातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक; उणे म्हणजे दक्षिणेकडे. तो उणे 10 नॅनोटेस्लाच्या खाली तीनेक तास टिकला तर जोरदार वादळ धरा. उत्तरेकडेच राहिला तर वेगवान ढगही बराचसा वाया जातो. हाताशी वेळ जेमतेम अर्धा-पाऊण तास.

केपीवर, म्हणजे जगभरच्या चुंबकीय खळबळीच्या निर्देशांकावर, विसंबू नका, तो 3 तासांचा हिशेब आहे. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेसारख्या ठिकाणचा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक अधिक बोलका. मात्र शांत दिवशीही दुपारी तो चढतो-उतरतो, तेव्हा आधी शांत दिवसाचा आलेख वजा करा. 1859 साली कुलाब्याला हाच घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळला होता.