चार इंच कमी म्हणजे किती कमी?

प्रश्न : मी दोन वर्षे नेहमीच्या ३४ इंची बेस गिटारवर शिकत आहे. माझा हात लहान असल्याने पहिल्या चार फ्रेटांवर (दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) करंगळी पोहोचत नाही. ३० इंची शॉर्ट स्केल बेस गिटार घेण्याचा विचार आहे. परंतु सोबतचे वादक तिला ‘शिकाऊ मुलांचे वाद्य’ म्हणतात, आणि लहान असूनही तिची किंमत मोठ्या गिटारइतकीच आहे. हा व्यवहार योग्य ठरेल का?

उत्तर : आधी करंगळीचा प्रश्न घेऊ. स्केल म्हणजे नटपासून (दांडीच्या खुंट्यांकडील टोकाच्या खाचदार पट्टीपासून) ब्रिजपर्यंत (गिटारच्या अंगावरील तारांच्या आधारापर्यंत) तारेचा जेवढा भाग कंप पावतो, तेवढी लांबी. ३४ इंची गिटारवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचे अंतर सुमारे १३० मिलिमीटर भरते, तर ३० इंचीवर ते सुमारे ११४ मिलिमीटर असते. हा दीड सेंटिमीटर लहान हाताला फार मोठा वाटतो. मात्र वरच्या फ्रेटांकडे जाल तसा हा फरक घटत जातो. म्हणून आपले वादन प्रामुख्याने खालच्या पाच फ्रेटांवर होत असेल, तर लाभ स्पष्ट आहे.

‘शिकाऊ मुलांचे वाद्य’ हा शिक्का कसा बसला, हेही सांगण्याजोगे आहे. फेंडर या गिटार कंपनीने १९५१ मध्ये ३४ इंची प्रिसिजन बेस आणली आणि तेच माप पुढे रूढ झाले. पण गिब्सन या दुसऱ्या कंपनीने १९५३ मध्ये काढलेली पहिली इलेक्ट्रिक बेस साडेतीस इंचांची होती, आणि बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर कंपनीची बेस ३० इंची होती. १९६६ मध्ये फेंडरने मस्टँग बेस आणली ती विद्यार्थ्यांसाठीच्या गिटारांच्या मालिकेत, आणि शिक्का पक्का झाला. तो विक्रीखात्याने मारलेला आहे, नादाशी त्याचा संबंध नाही.

नादात फरक पडतो, हे मात्र खरे. तीच तार त्याच सुरात लावली, तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे ३० इंचांवर तो सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. तार बोटाखाली मऊ लागते आणि सहज ओढली जाते, पण छेडल्यावर तिचा झोका मोठा असतो, म्हणून तार फ्रेटच्या फार जवळ ठेवल्यास ती खरखरते. जाड तार आखूड झाली की तिचा ताठरपणा अधिक जाणवतो, तिचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) किंचित चढे होतात आणि पियानोसारखी लखलखीत किणकिण कमी होऊन मूळ स्वराचा गोल, काहीसा बोथट ठोका पुढे येतो. गाणाऱ्याच्या आवाजाखाली भरीव तळ धरायचा असेल, तर मला हा ठोकाच अधिक आवडतो. अंगठ्याने तार आपटून वाजवण्याची शैली आपली असेल, तर ३४ इंचीच बरी.

किंमत इंचांवर मोजू नये. चार इंच लाकूड वाचल्याने कारागिराचे फारसे काही वाचत नाही, कारण फ्रेट बसवणे, ते एका पातळीत घासणे, ट्रस रॉड (दांडीच्या आतली सळई), पिकअप (तारेचा कंप टिपणारे चुंबक), खुंट्या हे सारे मोठ्या गिटारइतकेच लागते. पैसे कशासाठी मोजतो आहोत, हे जाड ई तारेवर कळते. बाराव्या फ्रेटवर बोट नुसते टेकवून हार्मॉनिक काढावा, मग तिथेच तार दाबून वाजवावी आणि दोन्ही स्वर ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) पाहावेत. दाबलेला स्वर चढा येत असेल आणि ब्रिजवरील सॅडल (तार टेकते तो सरकता तुकडा) आधीच मागच्या टोकाला टेकलेले असेल, तर ती गिटार कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. शॉर्ट स्केलमध्ये ई तारेच्या सॅडलला मागे सरकायला पुरेशी जागा लागते आणि स्वस्त ब्रिज नेमका तिथेच कमी पडतो. त्यानंतर पट्टा गळ्यात अडकवून उभे राहावे आणि डावा हात सोडावा. हलके अंग आणि जड खुंट्या असा मेळ असेल, तर हेडस्टॉक (खुंट्यांचे टोक) जमिनीकडे झुकतो व डाव्या हाताला दिवसभर नेक (दांडी) उचलून धरावा लागतो. मग वाचलेल्या दीड सेंटिमीटरचा काय उपयोग?

तारांबाबत माझी एक चूक सांगतो. घरात लांब स्केलचा नवा संच पडून होता, म्हणून मी तो आखूड गिटारला कापून लावला. ई तारेचा जाड भाग नटपलीकडे जाऊन खुंटीवर गुंडाळला गेला, वेटोळे नीट बसले नाही आणि आठवडाभरात ती तार मुकी झाली. शॉर्ट स्केलसाठीच्या तारा टोकाकडे योग्य ठिकाणी निमुळत्या केलेल्या असतात. त्यांचा खर्च आरंभीच हिशेबात धरावा. सपाट वेटोळ्याच्या (फ्लॅटवाउंड) तारा या गिटारला विशेष शोभतात.

ब्रिज आणि तोल या दोन कसोट्यांना ती उतरली, तर मोठ्या गिटारच्या किमतीत अवश्य घ्यावी.

प्रश्न : पाच तारांची शॉर्ट स्केल घ्यावी का?

उत्तर : मी घेणार नाही. पाचव्या, बी तारेचा स्वर सुमारे ३१ हर्ट्झ इतका खाली असतो आणि तिला ताण मिळावा म्हणून काही निर्माते उलट ३५ इंची स्केल वापरतात. ३० इंचांवर ती एकतर लोंबते किंवा फार जाड घ्यावी लागते. तरीही मोह आवरत नसेल, तर बी तार तिसऱ्या फ्रेटवर आधी हलके आणि मग जोरात दाबून वाजवून पाहावी. दोन्ही वेळा ट्यूनरचा काटा एकाच जागी थांबला, तरच पुढचे बोलणे करावे.