स्कॅनरमध्ये कोड नाही, म्हणजे गाडीत दोष नाही का?

प्रश्न : मी नाशिकला राहते. माझी पेट्रोल गाडी साडेतीन वर्षांची आहे. गेल्या महिन्यात आईला घेऊन मुंबईला जाताना कसारा घाटाच्या उतारावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, इंजिन बंद पडले, स्टीअरिंग दगडासारखे जड झाले आणि ब्रेकही नेहमीसारखा लागेना. मागे ट्रक होता. कशीबशी गाडी कडेला घेतली. दोन मिनिटांनी किल्ली फिरवली, तर काही घडलेच नसल्यासारखी ती सुरू झाली. त्यानंतर तीन वेळा सर्व्हिस सेंटरला नेली. दर वेळी स्कॅनर लावून ‘कोड नाही, म्हणजे फॉल्ट नाही’ असे सांगतात. शेवटच्या खेपेला तर ‘तुमचाच हात किल्लीला लागला असेल’ असे ऐकवले. दोष मी कसा सिद्ध करायचा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोष कुठे आहे हे शोधणे आपले काम नाही, ही गोष्ट सर्वांत आधी मनात पक्की करावी. काय घडले ते नेमकेपणाने सांगणे एवढेच आपले काम आहे आणि ते आपण चोख केले आहे. का घडले याचे उत्तर ज्याने यंत्र बनवले त्याने द्यायचे असते.

स्कॅनर स्वतः काही तपासत नाही. गाडीतल्या संगणकाने बिघाडाचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे कोड, म्हणून जे टिपून ठेवले तेवढेच तो वाचून दाखवतो. हा संगणकही ज्या बिघाडांवर लक्ष ठेवण्याची आज्ञा त्याला दिलेली असते, तेवढेच टिपतो. एखादा जोड क्षणभर सैल झाला आणि संगणकाचाच वीजपुरवठा तुटला, तर नोंद करायला तो जागा नसतो. म्हणून ‘कोड नाही’ याचा अर्थ ‘नोंद नाही’ इतकाच होतो. जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, त्याचे ‘दोष नाही’ असे रूपांतर होते, तेव्हा गाडीतल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो.

हात किल्लीला लागल्याचे आपल्याला ऐकवले गेले, म्हणून अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचे प्रकरण जरा विस्ताराने सांगते. तिथे कोबाल्ट आणि आयन या छोट्या गाड्यांचा इग्निशन स्विच, म्हणजे किल्लीने गाडी सुरू-बंद करणारा स्विच, फिरायला इतका हलका होता, की किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने, खड्ड्यातल्या धक्क्याने किंवा गुडघा लागल्याने किल्ली चालत्या गाडीत मागे सरकत असे. इंजिन बंद पडे, स्टीअरिंग आणि ब्रेकची मदत जाई. ग्राहकांच्या तक्रारी येत होत्या, पण कंपनीने त्यांची नोंद सुरक्षेचा प्रश्न म्हणून न करता ग्राहकाची गैरसोय म्हणून केली. वर्षानुवर्षे ध्यानात घेतले गेले नाही ते असे, की किल्ली त्या जागी सरकली की एअरबॅगही निकामी होते. एका विभागाने स्विच बनवला होता, दुसऱ्याने एअरबॅग कधी उघडायची याचे नियम लिहिले होते आणि त्या दोहोंना जोडणारा धागा कोणाच्याच टेबलावर नव्हता. इलेक्ट्रॉनिक्स वाढले की धोका असा दोन भागांच्या मधल्या जागेत जाऊन बसतो, असे माझे ठाम मत आहे.

२०१० साली जॉर्जिया राज्यात अशा एका गाडीच्या अपघातात एक तरुणी दगावली. चालती गाडी बंद पडते म्हणून काही दिवस आधीच तिने ती डीलरकडे दाखवली होती. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या वतीने तपास करणाऱ्या अभियंत्याने गाडीतला स्विच काढला, त्याच भागाचा नवा स्विच दुकानातून विकत आणला आणि दोन्ही खोलून शेजारी ठेवले. नव्या स्विचमध्ये किल्लीला जागेवर धरून ठेवणारी खुंटी थोडी अधिक लांब होती आणि तिची स्प्रिंग अधिक ताठ होती. दोन्ही भागांचा क्रमांक मात्र तोच! म्हणजे २००६ मध्ये स्विच गुपचूप सुधारला गेला होता, पण क्रमांक बदलला नव्हता, त्यामुळे जुन्या स्विचच्या गाड्या कोणत्या हे कागदावरून कळेना. गाड्या परत बोलावण्यास फेब्रुवारी २०१४ उजाडला. पुढे ही संख्या सुमारे २६ लाखांवर गेली, कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले आणि २०१५ मध्ये फौजदारी कारवाई मिटवण्यासाठी कंपनीने ९० कोटी डॉलर भरले. एवढ्या मोठ्या कंपनीला जे सापडले नाही, किंवा सापडूनही सांगितले गेले नाही, ते एका माणसाने दोन सुटे भाग शेजारी ठेवून दाखवून दिले.

आपल्या गाडीत हाच दोष आहे, असे मी म्हणत नाही. पण ‘हात लागला असेल’ हे उत्तर जसेच्या तसे मान्य केले, तरी चालत्या गाडीतली किल्ली सहज हात लागून सरकत असेल तर तोही दोषच ठरतो.

आता आपल्याकडच्या कायद्याविषयी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आले. चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल असा दोष आढळल्यास सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार कंपनीला देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. ते सात वर्षांच्या आतील वाहनांना लागू होतात आणि सक्तीने वाहने परत बोलावण्याची वेळ आल्यास दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. किती तक्रारी आल्यावर चौकशी व्हावी, हे त्या मॉडेलच्या वार्षिक विक्रीवर ठरते. म्हणून आपली एकटीची तक्रार वाया जाईल असे समजू नये. सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर ती चेसिस क्रमांकासह जरूर नोंदवावी. ती नोंदली गेली नाही, तर पुढच्या तक्रारदारालाही ‘अशी तक्रार दुसऱ्या कोणाचीच नाही’ हेच ऐकावे लागेल.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. सर्वोच्च न्यायालयासमोर २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या एका मालकाचे प्रकरण आले. अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या आणि धडकेचा जोर पुरेसा नव्हता, असे कंपनीचे म्हणणे होते. वेग आणि बल यांची गणिते ग्राहकाने मांडावीत अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असे सांगून न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. आपल्याला हा निकाल फार मोलाचा आहे. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधले ‘उत्पादन दायित्व’ हे प्रकरण शरीराला किंवा अन्य मालमत्तेला झालेल्या हानीसाठी आहे. आपल्याला सुदैवाने इजा झालेली नाही, तेव्हा आपली तक्रार सदोष वस्तू आणि सदोष सेवा यांची राहील. ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो.

आयोगाकडे जायचे झाले तर सगळी मदार कागदांवर राहील. इथून पुढे प्रत्येक जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी : तारीख, वेळ, ठिकाण, अंदाजे वेग, कोणते दिवे लागले. ‘जनरल चेकअप’ असे लिहिले असेल तर सही करू नये. कोड पुसण्यापूर्वी स्कॅनरच्या अहवालाची छापील प्रत मागावी, कारण कोड पुसला की बिघाडाच्या क्षणीचा वेग आणि इंजिनाचे फेरे यांची नोंदही पुसली जाते. एखादा भाग बदलला तर जुना भाग परत मागून जपून ठेवावा. मग कंपनीला, नुसत्या सर्व्हिस सेंटरला नव्हे, लेखी ईमेल करावा.

तोवर आईला घेऊन घाटातून जाऊ नये, ही कळकळीची विनंती. आणि पुन्हा असे घडलेच, तर ब्रेक वारंवार न दाबता एकदाच, पूर्ण जोराने, दाबून धरावा. इंजिन बंद पडल्यावरही एक-दोन दाबांपुरती मदत शिल्लक असते; पंप केल्यास ती तिथेच संपते.

प्रश्न : नवीन गाडीला घरबसल्या इंटरनेटवरून सॉफ्टवेअर अपडेट आले. ब्रेकविषयीची ‘सुधारणा’ एवढेच पडद्यावर दिसले. सुधारणा म्हणजे आधी दोष होता असे समजायचे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तसे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने सुमारे वीस लाख गाड्यांची स्वयंचलित स्टीअरिंग यंत्रणा केवळ सॉफ्टवेअर पाठवून बदलली. एकही गाडी गॅरेजात गेली नाही, तरी तिथल्या सुरक्षा संस्थेच्या दप्तरी ती ‘रिकॉल’, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावणे, म्हणूनच नोंदली गेली. दुरुस्ती पाना वापरून झाली की हवेतून, याने दोषाचे नाव बदलत नाही. आपण कंपनीला ईमेलने दोन गोष्टी विचाराव्यात : आधीच्या आवृत्तीत ब्रेक कोणत्या परिस्थितीत वेगळा वागत होता आणि हे अपडेट कोणकोणत्या गाड्यांना पाठवले आहे. अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा आवृत्ती क्रमांक पडद्यावर दिसतो. त्याचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे.