थंडीत बाइक चालवायची की झाकून ठेवायची?
चालवा, पण रस्ता कोरडा असेल तरच. पारा ३-४ अंशांखाली गेला की पुलांवर आणि सावलीच्या वळणांवर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा धरू शकतो. तिथे एबीएसचाही (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फारसा उपयोग नाही. अशा सकाळी सरळ बस पकडा.

साधारण ७ अंशांखाली स्पोर्ट टायरचं रबर कडक होऊन पकड घटते. तापमान १० अंशांनी उतरलं तर टायरमधली हवा सुमारे २ पीएसआयने कमी होते, म्हणून आठवड्यातून एकदा टायर गार असतानाच हवा तपासा. पहिले काही किलोमीटर बाइक फार झुकवू नका.

बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकत असतील तर घरी आल्या आल्या बाइक साध्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरचा झोत बेअरिंगवर नको, ग्रीस निघून जातं. चेन पुसून ल्यूब (वंगण) मारा.

हातमोज्यांवर मात्र कंजुषी नको. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला ते कळतच नाही.

बाइक बंदच ठेवणार असाल तर अधूनमधून जागेवर पाच मिनिटं चालू करण्याचा उद्योग करू नका. इंजिन पुरतं तापत नाही, ओलावा ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतो, शिवाय स्टार्टरने ओढलेला करंट बॅटरीला परत मिळत नाही. त्यापेक्षा ऑइल बदला, लोखंडी टाकी असेल तर ती भरून ठेवा म्हणजे आतून गंजणार नाही, आणि बॅटरी काढून घरात आणा. लेड-ॲसिड बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली आली की चार्जिंगला लावा.