बालकल्याण क्षेत्रासाठी समाजकार्यकर्ते घडवणाऱ्या शिक्षकाने कोणते अध्यापन-साहित्य वापरावे?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की यंदा प्रथमच एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीच्या) वर्गाला बालकल्याणाचा पेपर शिकवण्याचे काम आपल्याकडे आले आहे, हाती लागणारे साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे, विद्यार्थी मराठी माध्यमातले आहेत आणि आपल्याला एखादा तयार संच हवा आहे. माझे मत असे की तयार संच शोधण्यात वेळ घालवू नये. एक वाईट लिहिलेला सामाजिक चौकशी अहवाल (मुलाची आणि त्याच्या घराची माहिती घेऊन समाजकार्यकर्त्याने लिहिलेला अहवाल) मिळवावा आणि त्यावर निदान तीन तास द्यावेत. माझ्याकडे असा एक अहवाल आहे आणि तो मीच लिहिलेला आहे.

२००७ साली मी नागपुरातल्या एका स्वयंसेवी संस्थेत होते. रेल्वे स्थानकावर सापडणाऱ्या मुलांना बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांविषयी निर्णय देणाऱ्या कायदेशीर समितीपुढे, नेणे आणि त्यांची चौकशी लिहिणे हा माझ्या कामाचा मोठा भाग होता. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग येथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे घरून निघालेले मूल कोठलेही असले तरी या फलाटावर उतरू शकते. त्या पावसाळ्यात नऊएक वर्षांचा एक मुलगा सापडला. मी त्याच्याशी वीस मिनिटे हिंदीत बोलले. नागपूरच्या माणसाला हिंदी येतेच, म्हणून भाषेची काही अडचण असू शकेल हे माझ्या मनातही आले नाही. तो अडखळत होता, ‘दाई’चे नाव घेऊन रडत होता, आणि मी अहवालात लिहिले : ‘आईवडिलांविषयी माहिती सांगत नाही. एका दाईने सांभाळ केल्याचे सांगतो. घरची परिस्थिती हलाखीची असावी. मूल निराधार वाटते.’

या चार वाक्यांवर त्याची रवानगी बालगृहात झाली. समितीला मी दोष देत नाही, तिच्यापुढे माझाच कागद होता. सात महिन्यांनी मी दुसऱ्याच एका मुलाच्या कामासाठी त्या बालगृहात गेले असताना स्वयंपाकघरातल्या बाईंनी मला थांबवले. त्यांचे माहेर दुर्गकडचे. हा पोरगा रोज जेवताना ‘मोला दाई करा जाना हे’ म्हणतो, त्याला घरी का पाठवत नाही, असे त्यांनी विचारले. त्याला कोणी नाही, दाईने वाढवले आहे, असे मी अधिकारवाणीने सांगितले. त्या हसल्या नाहीत, त्यांनी हातातला झारा खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘अवो मॅडम, दाई म्हणजे माय हो!’

छत्तीसगडीत आईला दाई आणि वडिलांना ददा म्हणतात. त्या मुलाने पहिल्याच दिवशी मला सर्व काही सांगितले होते. त्याच्या आईने तिकडच्या ठाण्यात तो हरवल्याची नोंदही केलेली होती. तिला घेऊन येईपर्यंत आणखी पाच आठवडे गेले, आणि ती आली तेव्हा त्याने तिच्याकडे जायला नकार दिला नाही, एवढेच माझे नशीब.

पुढे मी शिकवू लागले, तेव्हा हाच अहवाल नावे काढून वर्गात वाटू लागले. यातले पाहिलेले काय, ऐकलेले काय आणि लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने घातलेले काय, हे तीन रंगांच्या पेनांनी अधोरेखित करायचे, एवढीच सूचना मी देत असे. बहुतेक विद्यार्थी ‘असावी’ आणि ‘वाटते’ यांच्यापर्यंत पोहोचतात. ही दाई कोण, तिचे नाव काय, ती राहते कोठे, हे विचारणारे फार थोडे निघतात. एका वर्षी छत्तीसगडच्या सीमेजवळच्या देवरीकडची एक विद्यार्थिनी पहिल्याच वाचनात हसू लागली आणि मग एकदम गप्प झाली. तिला वर्गापुढे बोलावून मी बाजूला बसले. त्या दिवशीच्या तासाइतका चांगला तास मी स्वतः कधी घेतलेला नाही.

आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुखांना हे मान्य नव्हते. चुकीचा अहवाल दाखवल्याने व्यवसायाची प्रतिमा मलिन होते, विद्यार्थ्यांना आदर्श नमुना द्यावा आणि मूल्यांकनाच्या फायलीसाठी स्लाइड्स तयार ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. आदर्श नमुने मी एक वर्ष देऊन पाहिले. त्या वर्षी फील्डवर्कच्या नोंदवह्यांत यशोधरानगरच्या मुलाची घरची परिस्थिती हलाखीची होती, सीताबर्डीच्या मुलीचीही हलाखीची होती आणि दोघांचेही वडील ‘व्यसनाधीन’ होते, कारण नमुन्यात तसे होते. आदर्श अहवाल विद्यार्थ्याला नक्कल करायला शिकवतो, हे मी त्या बैठकीत म्हटले आणि आजही म्हणते. एकेका व्यक्तीसोबत काम करताना कसे वागावे याविषयीची बीस्टेकची सात तत्त्वे ज्यांना पाठ आहेत, अशा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मुलाजवळ खाली बसून ‘तुझ्या घरी कोण कोण जेवतं?’ असे विचारता येत नसेल, तर दोष स्लाइड्सच्या संख्येचा नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ३ ची सोळा तत्त्वे आणि २०१६ च्या आदर्श नियमांतील नमुना २२ (सामाजिक चौकशी अहवालाचा नमुना) हे दोन्ही विद्यार्थ्यांच्या हाती असलेच पाहिजेत. चौकशी पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत, ही मुदत कोठून आली आणि का मोडते, यावर त्यांना बोलते करावे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील ‘संवाद’ या उपक्रमाचे बालसंरक्षणावरचे प्रशिक्षण-साहित्य उपयुक्त आहे, मात्र त्यातील खेळ आणि प्रसंग वऱ्हाडी-नागपुरी बोलीत स्वतः बसवून घ्यावे लागतील. न्यूझीलंडमधून आलेले ‘तीन घरे’ हे साधन, ज्यात मूल काळजीचे, चांगल्या गोष्टींचे आणि स्वप्नांचे अशी तीन घरे काढते, त्याला फक्त कागद आणि खडू लागतात, भाषांतर जवळपास लागत नाही.

इंग्रजीतला एकच दस्तऐवज निवडायचा झाला, तर लंडनमधल्या व्हिक्टोरिया क्लिम्बी या आठ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूविषयीचा लॉर्ड लेमिंग यांचा २००३ चा चौकशी अहवाल निवडावा. मुलगी आयव्हरी कोस्टची आणि फ्रेंच बोलणारी. रुग्णालये, पोलीस, समाजकार्यकर्ते असे सगळे तिच्या आसपास होते, तिला वाचवण्याच्या बारा संधी येऊन गेल्या, आणि तिच्याशी एकांतात, तिच्या भाषेत नीट बोलणे मात्र राहून गेले. अहवालात १०८ शिफारशी आहेत. त्या सगळ्या शिकवू नयेत, घटनाक्रमाची चार-पाच पाने मराठीत उतरवून माझ्या अहवालासारख्या एखाद्या अहवालाशेजारी ठेवावीत. साहेबांच्या देशातही दुभाषी न बोलावल्याने काय होते, हे विद्यार्थ्यांना आपोआप दिसते आणि ‘आपल्याकडेच असे होते’ हा रडका सूर बंद होतो.

आणखी एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फक्त नाव काढून भागत नाही, गाव, शाळा, वय, दिनांक, सर्व बदलावे लागते, आणि वरच्या प्रसंगातही मी तसेच केले आहे. मूळ कागद मिळवताना समितीची आणि संस्थेची परवानगी घ्यावी. मला आमच्या विभागाने ती तोंडी दिली होती आणि वाद झाला तेव्हा ती कोणालाच आठवली नाही, म्हणून आपण ती लेखी घ्यावी.