शासन स्तरावर प्रलंबित

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यापासून मनात तेच चाललंय. जिल्हा परिषदेची एक टर्म झाली, आता विधानसभेचं तिकीट मागू का, असं विचारलंस. जरूर माग. पण मुंबईला जाऊन करायचं काय, हे आधी ठरव.

सर्वसाधारण सभेत तू आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या रिकाम्या जागेवरून आवाज उठवलास. उत्तर काय मिळालं? ‘प्रस्ताव शासन स्तरावर प्रलंबित आहे.’ हे वाक्य मीही जिल्हा परिषदेत दोन टर्म ऐकलं. आमदार झालो तेव्हा वाटलं, आता आपणच त्या स्तरावर पोचलो. पहिल्याच अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात उत्तर द्यायचा प्रश्न, दिला: आमच्या भागातल्या रस्त्यांची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय? छापील उत्तर आलं, ‘हे खरे नाही.’ पुढच्या पोटप्रश्नांना, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ त्या रात्री आमदार निवासात मला झोप लागली नाही. रस्ता माझ्या डोळ्यांसमोर होता आणि कागदावर तो चांगला होता.

चूक माझी होती. ‘दुरवस्था’ हा शब्द नाकारता येतो. मंजुरीची तारीख, कामाचा आदेश, दिलेलं बिल, मोजमाप पुस्तकातली नोंद नाकारता येत नाही. हे सगळं जिल्हा परिषदेच्या माणसाला तोंडपाठ असतं आणि थेट आमदार झालेल्याला शिकावं लागतं. तुझी खरी कमाई ती आहे. गावकीतली ओळख, लग्नं-दहावे हे सगळेच करतात, तूही कर.

आर. आर. आबांचं, म्हणजे आर. आर. पाटलांचं, उदाहरण मी पुन्हा पुन्हा देतो, कंटाळू नकोस. तासगाव तालुक्यातलं अंजनी त्यांचं गाव. 1979 ते 1990 सावळज गटातून (गट म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ) जिल्हा परिषदेत, मग 1990 पासून 2015 ला जाईपर्यंत आमदार. सहा निवडणुका ओळीने जिंकल्या. पण मला मोठी वाटते ती त्यांनी ग्रामविकास मंत्री म्हणून केलेली एक गोष्ट. 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. आधी निधी, मग काम, ही सरकारी रीत त्यांनी उलटी केली. गावानं आधी झाडू हातात घ्यायचा, बक्षीस नंतर. शेजारच्या गावाशी ईर्षा लागली की आपलं गाव काय काय करतं, हे गट फिरलेल्या माणसालाच सुचतं. 2007 ची तंटामुक्त गाव मोहीमही त्याच मातीतली. तेव्हा ते गृहमंत्री होते, तरी डोकं गावातच होतं.

त्यांचंच दुसरं उदाहरणही सांगतो, आणि ते प्रेमानेच सांगतो. 2005 मध्ये डान्सबार बंदीचा कायदा झाला. सभागृहात एकमत होतं, गावागावांतून बायकांचे आशीर्वाद होते. पण त्यात मोठ्या हॉटेलांना सूट होती. 2006 मध्ये उच्च न्यायालयात आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही; भेदभाव हे त्यामागचं एक मोठं कारण. विधेयक मांडलं जातं तेव्हा त्यातलं कलम न् कलम वाचणारे आमदार किती असतात, ते तू आत गेलीस की बघशील. बदल्यांच्या चिठ्ठ्या घेऊन मंत्रालयाचे मजले चढण्यातच दिवस जातो. माझाही बराच गेला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बोलताना जप. 26/11 नंतर कॅमेऱ्यांपुढे हिंदीत बोललेल्या एका वाक्यानं आबांचं पद गेलं. इतका साधा, स्वच्छ माणूस! लोकांनी त्यांना परत निवडून दिलं, 2009 मध्ये ते पुन्हा गृहमंत्री झाले, ते आधीच्या वर्षांच्या पुण्याईवर.

तुझ्या वाटेत आणखी एक अडचण आहे. जिल्हा परिषदेत तुला महिला आरक्षणातून जागा मिळाली, आपल्याकडे 2011 पासून ते निम्मं आहे. विधानसभेसाठी 2023 मध्ये घटनादुरुस्ती झाली, पण तिचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर. तोवर तुला खुल्या लढतीत पुरुषांपुढे उभं राहायचंय. घरात कोणी ‘तू फक्त सही कर’ म्हणणारा असेल, तर आजच त्याला थांबव. उद्या ते जमणार नाही.

जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येते, तेव्हा सगळे अधिकारी फायली लावत धावतात. तू मात्र बाजूला बसून सदस्य काय विचारतात ते ऐक. कोण जेवणाची चौकशी करतो आणि कोण हिशेबतपासणीतल्या आक्षेपाचा परिच्छेद उघडतो, तेही बघ.

रविवारी ये. तुझ्याकडच्या ‘शासन स्तरावर प्रलंबित’ उत्तरांची सगळी पत्रं पिशवीत घालून आण, तारखांसकट. त्यातलं डॉक्टरचं पहिलं घेऊ. पद कधी मंजूर झालं, कधीपासून रिकामं आहे, प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणत्या विभागाकडे गेला, एवढं एका कागदावर उतरवू. आपल्या आमदारांना तो प्रश्न द्यायला सांगू. उत्तर काय येतं ते बघूनच तिकिटाचं बोलू.

तुझा,
काका