जुन्या टू-स्ट्रोक चेतकमध्ये ॲडिटिव्ह घालावं का? त्याचा उपयोग होतो की नाही, हे घरी कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९३ सालची टू-स्ट्रोक चेतक आहे, आठवड्यातून एखाद-दोनदा बाहेर निघते. ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आल्यापासून लवकर तापते आणि पिकअप गेलाय. दुकानदाराने ॲडिटिव्हच्या, म्हणजे वरून घालायच्या औषधाच्या, दोन बाटल्या हातात ठेवल्या, एक पेट्रोलमध्ये घालायची आणि दुसरी इंजिन ऑइलमध्ये. घालाव्यात का, आणि गुण आला हे ओळखायचं कसं?

मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइलची प्रयोगशाळा सांभाळतो आणि घरी जुनी बजाज वापरतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

ऑइलची बाटली आधी निकालात काढू. ती परत करा, कारण तुमच्या गाडीत ती घालायला जागाच नाही. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनचं ऑइल पेट्रोलसोबत जळून जातं. म्हणूनच टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचं, ऑइल कमीत कमी राख सोडेल असं बनवलेलं असतं. फोर-स्ट्रोकसाठीच्या बाटल्यांमध्ये बहुधा झिंकची संयुगं असतात. ती पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणात गेली की राख प्लगच्या टोकावर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते, प्लग शॉर्ट होतो. मग राहिला गिअरबॉक्स. तिथे जेमतेम पाव लिटर ऑइल असतं आणि त्याच ऑइलात क्लच प्लेटा भिजलेल्या असतात. घर्षण कमी करणारं काही तिथे घातलंत, तर पहिल्याच चढावर क्लच घसरायला लागेल.

प्रदर्शनात फिरत्या रिंगवर लोखंडी तुकडा दाबून ‘आमचं ऑइल घातलं आणि मशीन थांबलंच नाही’ असं दाखवतात, त्याने भुलू नका. त्या यंत्रावर एका बिंदूवर प्रचंड दाब येतो. क्लोरीनची काही संयुगं तिथे झकास पास होतात, पण इंजिनात त्यांचंच आम्ल होऊन बेअरिंग खराब होतात. अमेरिकेत स्लिक ५० हे टेफ्लॉनसारखी पूड असलेलं ऑइल ॲडिटिव्ह एके काळी धडाक्याने खपायचं. झीज कमी होते या दाव्याला आधार नाही, असं म्हणत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये कंपनीवर कारवाई सुरू केली. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि पुराव्याशिवाय असे दावे करायला बंदी आली.

आता पेट्रोलची बाटली. गाडी तापण्याचं कारण समजलं की तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते आपोआप ठरतं. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. ई२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाड्यांमध्ये सेन्सर बघून इंधन वाढवलं जातं. तुमच्या कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. जेटचं, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक ठरलेलं, त्यातून जुन्या हिशोबानेच इंधन जातं आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. इंजिन तापतं ते यामुळे. लिटरमागे काही मिलिलिटर औषध घालून हे गणित बदलत नाही. मेन जेट एक-दोन नंबर मोठा टाकला की बदलतं. ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची अवेळी न पेटण्याची ताकद, वाढवणारी बाटली तर नकोच. चेतक ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर धावत होती, ई२० चं ऑक्टेन आजच ९५ आहे.

ॲव्हरेजचंही तसंच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये सहा-सात टक्के कमी. बाटलीतून ती ऊर्जा परत येणार नाही.

मग या बाटल्या कुठेच उपयोगी नाहीत का? आहेत. डिटर्जंट असलेलं ॲडिटिव्ह फोर-स्ट्रोकच्या इनलेट व्हॉल्व्हवरची आणि इंजेक्टरवरची घाण खरोखर काढतं. पण चेतकला तसले व्हॉल्व्ह नाहीत, इंजेक्टर नाहीत. पायलट जेटमध्ये (कमी वेगाला इंधन देणारा छोटा जेट) चिकट थर बसला असेल तर कार्बोरेटर खोलून हवा मारणं स्वस्त आणि खात्रीचं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर कामाचं आहे, अट एकच, ताज्या पेट्रोलात घालायचं.

काही बाटल्यांवर ‘पाणी शोषून घेतं’ असं लिहिलेलं असतं. ते तपासायला इंजिन लागत नाही. झाकणाची पारदर्शक काचेची बाटली घ्या. मोकळ्या हवेत, आगीपासून लांब, तिच्यात ई२० आणि लिटरला २० मिली या मापाने टू-टी ऑइल घाला. औषधाच्या सिरिंजने थोडं थोडं पाणी सोडत हलवत राहा. सुरुवातीला ते विरघळतं. मग एका क्षणी सगळं दुधाळ होतं आणि थोड्या वेळाने खाली वेगळा थर बसतो. तो थर पाणी आणि इथेनॉलचा. टू-टीचा रंग कुठे राहिला ते नीट बघा, तो वरच्या पेट्रोलात राहतो. टाकीचा कॉक इंधन तळातून ओढतो. म्हणजे पावसाळ्यात पाणी शिरलेली टाकी असेल, तर इंजिनात आधी जाणार ते बिनऑइलचं पाणी-इथेनॉल. पिस्टन जाम होण्याचा हा सरळ रस्ता आहे. आता दुसऱ्या बाटलीत हेच सगळं ॲडिटिव्ह घालून करा. थर पडायला किंचित जास्त पाणी लागलं तर तेवढाच त्याचा गुण. टाकीत एकदा थर पडला असेल तर मात्र ती रिकामी करून कोरडी करणं हाच उपाय.

अशाच दोन बाटल्यांत जुन्या पेट्रोल पाइपचे सारख्या लांबीचे तुकडे आठवडाभर ठेवा. फुगले, मऊ पडले, काळा रंग सोडला, तर इथेनॉल चालणारा पाइप आधी बसवा. ॲडिटिव्हच्या बाटलीतला तुकडाही तितकाच फुगलेला दिसला, तर ‘रबराचं संरक्षण’ या दाव्याचं काय ते तुम्हीच ठरवाल.

तरीही रस्त्यावर तपासायचंच असेल तर आधी काहीही न घालता ॲव्हरेज काढा, आणि एकदाच काढून थांबू नका. गाडी मधल्या स्टँडवर, त्याच जागी उभी करून टाकी गळ्यापर्यंत भरायची, ठरलेल्या रस्त्यावर ठरलेल्या वेळी ठरलेल्या वेगाने चालवायची, परत येऊन मापाने भरायची. टायरची हवा दर वेळी सारखी हवी. एवढं करूनही आकडा दोन-तीन किलोमीटर मागेपुढे होतो. वाऱ्याने होतो, सिग्नलने होतो. ॲडिटिव्हचा फरक या चढउतारापेक्षा मोठा दिसला तरच तो फरक. आणि औषध बंद केल्यावर आकडा परत पूर्वीच्या जागी आला पाहिजे. ही शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात.

मिश्रण घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. दोन कॅन, क आणि ख, कशात औषध आहे ते त्यांनीच लिहून ठेवायचं. टू-टीच्या रंगात औषधाचा रंग बहुतेक झाकला जातो, त्यामुळे बघून ओळखता येत नाही. पैसे देऊन आणलेली वस्तू टाकीत आहे हे माहीत असलं की गाडी प्रत्येकालाच हलकी वाटते, अनुभवी मेकॅनिकलासुद्धा. आणि त्या काळात प्लग, एअर फिल्टर, टायमिंग, कशालाही हात लावू नका. बाटली घातली त्याच दिवशी प्लग बदलला, तर श्रेय कुणाचं हे कधीच कळणार नाही.

या सगळ्याच्या आधी क्रँकचे ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या रबरी कड्या, बघून घ्या. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिन चढं राहतं. क्लचच्या बाजूचा गेला की गिअर ऑइल कमी होत जातं आणि दाट पांढरा धूर येतो. तीस वर्षांच्या गाडीत हे सील कडक झालेले असणं अगदी स्वाभाविक आहे, आणि गरम होण्यात त्यांचा वाटा पेट्रोलइतकाच असू शकतो.

प्लगचं टोक कॉफीच्या रंगाचं आहे की पांढरं, आणि मेन जेटवर कोणता नंबर कोरलाय, एवढं खोलून बघा आणि इथे लिहा. त्यावरून पुढचा जेट कोणता घ्यायचा ते सांगतो.